अकराव्या वर्षीची चाळणी: इंग्लंडमधल्या ग्रामर शाळांचा वाद नेमका काय आहे

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला केंट नावाची काउंटी आहे. तिथे दर सप्टेंबरात, शाळा सुरू होऊन आठवडा होतो न होतो तोच, दहा-अकरा वर्षांची हजारो मुले एका परीक्षेला बसतात. ऑक्टोबरच्या मध्यावर निकाल लागतो आणि पुढची सात वर्षे मूल कुठल्या शाळेत जाणार हे त्यावरून ठरते. साधारण चारांत एक मूल ग्रामर शाळेसाठी पात्र ठरते, उरलेली तिघे दुसऱ्या शाळांत जातात. केंटला लागूनच ईस्ट ससेक्स आहे. तिथे ही परीक्षाच नाही, परिसरातली मुले एकाच शाळेत जातात. देश एक, दहावीच्या तोलाची जीसीएसई परीक्षा एक, आणि मुलांना शाळा देण्याच्या दोन अगदी उलट पद्धती एकमेकींच्या शेजारी नांदतात. यातली योग्य कुठली, यावर तिथे सत्तर वर्षे वाद चालू आहे.

आधी नावांचा गुंता सोडवू, कारण आपल्याकडचे वाचक तिथेच अडखळतात. ग्रामर म्हणजे व्याकरण. मध्ययुगात या शाळांत लॅटिनचे व्याकरण शिकवत, त्यावरून नाव पडले ते टिकले. आजची ग्रामर शाळा ही सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण प्रवेश परीक्षेतल्या गुणांवर देणारी शाळा. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे तशीच बिनफीची शाळा, फक्त प्रवेशाला गुणांची अट नाही. 'पब्लिक स्कूल' मात्र तिथे महागड्या खासगी शाळांना म्हणतात. ईटन, हॅरो त्यातल्या. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे, नावात 'ग्रामर' असलेली प्रत्येक शाळा ग्रामर नसते. मँचेस्टर ग्रामर स्कूल ही आज फी घेणारी खासगी शाळा आहे. ती तशी का झाली, ते पुढे येईल.

इंग्लंडमध्ये आज १६३ ग्रामर शाळा उरल्या आहेत. सरकारी माध्यमिक शाळांतली शंभरातली पाच मुले तिथे शिकतात. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये एकही नाही. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र ही पद्धत अजून भक्कम आहे. पाच टक्के हा आकडा ऐकून वाटते, एवढ्याशा गोष्टीवर इतका वाद कशाला? पण या शाळा देशभर सारख्या विखुरलेल्या नाहीत. केंट, बकिंगहॅमशायर, लिंकनशायर अशा काही भागांत त्या दाट आहेत आणि तिथे प्रत्येक घराला, परीक्षेला बसणाऱ्या आणि न बसणाऱ्याही, त्यांचा परिणाम सोसावा लागतो.

परीक्षा कशी असते

परीक्षेचे रूढ नाव 'इलेव्हन प्लस'. केंटमध्ये दोन बहुपर्यायी पेपर असतात. एकात इंग्रजी आणि गणित. दुसऱ्यात तर्काचे प्रश्न: शब्दांवरचे, आकृत्यांवरचे आणि आकार मनात फिरवून बघण्याचे. शिवाय एक छोटा लेखनाचा भाग असतो. तो सरसकट तपासत नाहीत. मूल थोडक्यात हुकले आणि मुख्याध्यापकांनी फेरविचाराची विनंती केली, तर मुख्याध्यापकांची समिती वर्षभराच्या वह्यांसोबत तो काढून बघते.

इंग्रजी-गणित शाळेत शिकवतातच. तर्काचे प्रश्न सरकारी प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात नाहीत. 'या पाच शब्दांतले दोन वेगळे कुठले', 'या सांकेतिक लिपीत अमुक शब्द कसा लिहाल', 'घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडला तर कसा दिसेल', असे हे प्रश्न. ते पहिल्यांदा पाहणारे हुशार मूलही गोंधळते आणि शंभर वेळा सोडवलेले साधारण मूल सफाईने सोडवते. शब्दांवरच्या प्रश्नांचे ठरावीक २१ प्रकार शिकवणीच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे छापले जातात. शिकवणीचा सगळा धंदा या एका फटीतून वाढला आहे.

गुण थेट बेरजेने देत नाहीत. कच्च्या गुणांचे 'प्रमाणित' गुणांत रूपांतर होते: सरासरी मुलाला १०० मिळावेत आणि गुणांचा पसारा, संख्याशास्त्राच्या भाषेत प्रमाण विचलन, १५ असावा, अशा बेताने. हे गुण साधारण ६९ ते १४१ या पट्ट्यात बसतात. त्यातच वयाचा हिशेब केलेला असतो. इंग्लंडमध्ये शाळेचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते. म्हणून एकाच वर्गात सप्टेंबरात जन्मलेले, अकरा पूर्ण होत आलेले मूल आणि ऑगस्टअखेर जन्मलेले, जेमतेम दहा पूर्ण झालेले मूल शेजारी बसतात. या वयात अकरा-बारा महिन्यांचा फरक मोठा असतो. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी करतात. दोघांनी सारखेच प्रश्न बरोबर सोडवले, तर लहानग्याचे प्रमाणित गुण थोडे वर जातात. हा भाग न्याय्य आहे, आणि पद्धतीच्या टीकाकारांनीही तो मान्य करायला हवा.

मग येते रेघ. केंटमध्ये अलीकडच्या वर्षांत इंग्रजी, गणित आणि तर्क या तीन भागांच्या गुणांची बेरीज ३३२ च्या आसपास लागते, आणि कुठल्याही एका भागात ठरलेल्या किमान गुणांच्या खाली घसरलेले चालत नाही. बकिंगहॅमशायरमध्ये बेरीज नव्हे, एकच एकत्रित आकडा असतो, तो १२१ लागतो, स्लाव गावात १११. पण १२१ ची परीक्षा १११ हून कडक असा अर्थ त्यातून निघत नाही. प्रमाणित गुण नेहमी कुणाच्या तरी तुलनेत असतात, आणि तुलनेचा गट बदलला की त्याच आकड्याचा अर्थ बदलतो.

रेघेवरची मुले

या वादात भावना खूप येतात, गणित क्वचित येते. म्हणून ते जरा सावकाश पाहू.

कुठलीही परीक्षा मुलाची कुवत अचूक मोजत नाही. त्या दिवशी पोट दुखत होते, एक पान चुकून उलटले, दोन अंदाज बरोबर लागले, असे होतच असते. परीक्षा किती विश्वासार्ह आहे हे ० ते १ मध्ये सांगतात. ०.९ म्हणजे उत्तम परीक्षा. तेवढी चांगली परीक्षा धरली आणि विचलन १५ असले, तर एका मुलाच्या गुणांतली चूक काढायचे सूत्र साधे आहे: १५ गुणिले (१ − ०.९) चे वर्गमूळ. उत्तर सुमारे ४.७. म्हणजे ११९ गुण मिळालेल्या मुलाची 'खरी' पातळी ११४ ते १२४ मध्ये असण्याची शक्यता तीनात दोन, आणि या पट्ट्याबाहेर असण्याची तीनात एक. रेघ १२१ वर असेल, तर हे मूल तिच्या कुठल्या बाजूचे, हे परीक्षा सांगूच शकत नाही. पण निकालपत्रात पात्र किंवा अपात्र असे दोनच शब्द असतात.

आता पूर्ण गट घ्या. १००० मुले, २५० जागा. अकराव्या वर्षीचे गुण आणि पुढच्या शालेय यशाचा संबंध ०.९ इतका घट्ट आहे, असे परीक्षेला झुकते माप देऊ. प्रत्यक्षात पाच वर्षांनंतरचे इतके अचूक भाकीत कुणी करू शकत नाही. तरीही हिशेब केला तर निवडलेल्या २५० पैकी साधारण ५० मुले पुढे वरच्या पावात राहत नाहीत, आणि बाहेर राहिलेली तितकीच ५० मुले वरच्या पावात पोचतात. हजारात शंभर मुले चुकीच्या बाजूला. १९५७ मध्ये येट्स आणि पिजन या संशोधकांनी इंग्लंडच्या प्रत्यक्ष माहितीवरून अभ्यास केला, तेव्हा तेही याच आकड्याच्या जवळ पोचले: दहात एकाहून थोडी जास्त मुले चुकीच्या शाळेत. प्रश्नपत्रिका सुधारून हे फारसे कमी होत नाही. बहुतेक मुलांचे गुण मधल्या भागात दाटलेले असतात. अशा दाटीच्या कडेला रेघ ओढली की तिच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच मुले उभी दिसणार.

बदलता येते ती एकच गोष्ट: रेघ केव्हा ओढायची आणि ती पुन्हा पुसता येते का. अकराव्या वर्षी, एकदाच आणि जवळपास कायमची, ही माझ्या मते या पद्धतीची सर्वांत मोठी खोट आहे. नंतर शाळा बदलायची सोय कागदावर होती आणि आहे. ती वापरून पलीकडे गेलेली मुले नेहमीच थोडी.

हे आले कुठून

१९४४ चा शिक्षण कायदा इंग्लंडमध्ये आजही आदराने आठवला जातो. त्या वेळचे शिक्षणमंत्री आर. ए. बटलर. त्यांच्या कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केले. १९४७ पासून शाळा सोडण्याचे किमान वय १५ झाले. त्याआधी ग्रामर शाळेत फी भरून जागा मिळत असे. आता ती फक्त गुणांवर मिळू लागली, आणि गिरणीकामगाराचा, खाणकामगाराचा हुशार मुलगा बिनफीने लॅटिन शिकू लागला. ग्रामर शाळांबद्दलची माया या आठवणीतून येते आणि ती खोटी नाही.

मुलांची विभागणी करा असे कायद्यात कुठे लिहिलेले नव्हते. वय, क्षमता आणि कल यांनुसार शिक्षण द्या, एवढेच तो म्हणतो. तीन कप्प्यांची कल्पना आली १९४३ च्या नॉरवुड अहवालातून. मुलांची मनेच तीन जातींची असतात, असे त्यात मांडले होते: ज्ञानासाठी ज्ञान आवडणारी, तंत्र आणि उपयोजनात रमणारी, आणि कल्पनांपेक्षा प्रत्यक्ष वस्तूंशी सलगी असणारी. त्यांच्यासाठी अनुक्रमे ग्रामर, टेक्निकल आणि सेकंडरी मॉडर्न शाळा. याच्या मागे सिरिल बर्ट या मानसशास्त्रज्ञाचा मोठा प्रभाव होता. बुद्धी बहुतांशी जन्मजात आणि ती लहानपणीच मोजता येते, असे ते सांगत. १९७१ मध्ये ते वारले. त्यानंतर त्यांच्या जुळ्या मुलांच्या अभ्यासातले आकडे तपासले गेले. नमुन्यातल्या जोड्या वाढत गेल्या तरी सहसंबंध, म्हणजे जुळ्यांचे गुण किती जुळतात याचे माप, मात्र तोच, ०.७७१, कसा काय राहिला? या एका विसंगतीने त्यांच्या संशोधनावरचा विश्वास उडाला. पण तोवर दोन पिढ्या त्या चाळणीतून गेल्या होत्या.

तीन कप्प्यांतला टेक्निकल शाळांचा कप्पा नीट उभाच राहिला नाही. यंत्रसामग्री महाग, शिक्षक मिळेनात. त्यात जेमतेम तीन-चार टक्के मुले गेली. राहिले दोन कप्पे, म्हणजे पास आणि नापास. ग्रामरच्या जागा किती, हेही मुलांच्या कुवतीवर ठरत नव्हते. तुमच्या गावात पूर्वी किती इमारती बांधल्या गेल्या त्यावर ठरत होते. वेल्सच्या काही भागांत चाळीस टक्के मुलांना जागा होत्या, इंग्लंडच्या काही भागांत दहा-बारा टक्क्यांना. तेच मूल एका गावात हुशार आणि दुसऱ्या गावात नापास ठरत होते.

मुलींची गोष्ट तर अजून वेगळी. अकराव्या वर्षी मुली सरासरीने मुलांच्या पुढे असतात. पण मुलींच्या ग्रामर शाळा कमी, म्हणून अनेक ठिकाणी त्यांची रेघ वर ठेवत. बर्मिंगहॅममध्ये मुलांसाठी सुमारे ५४० आणि मुलींसाठी सुमारे ३६० जागा होत्या. हे प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत, गेले आणि १९८९ मध्ये तो भेदभाव ठरला. कायद्याला पंचेचाळीस वर्षे झाल्यावर.

सेकंडरी मॉडर्नमध्ये काय चालले होते? सुरुवातीची बरीच वर्षे तिथल्या बहुतेक मुलांना बसायला बाहेरची परीक्षाच नव्हती. पंधराव्या वर्षी मूल हातात एकही प्रमाणपत्र न घेता बाहेर पडे. सीएसई ही त्यांच्यासाठीची परीक्षा आली १९६५ मध्ये. आणि ज्या थोड्या कष्टकरी घरांतल्या मुलांनी ग्रामरचा उंबरा ओलांडला, त्यांचे काय झाले, हे १९५४ च्या एका सरकारी अहवालाने मोजले. अकुशल आणि अर्धकुशल कामगारांच्या ग्रामरमध्ये गेलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांना ओ-लेव्हलचे, म्हणजे तेव्हाच्या सोळाव्या वर्षीच्या परीक्षेचे, तीन विषयसुद्धा सुटले नव्हते. अनेकांनी मधेच शाळा सोडली होती. घरी अभ्यासाला खोली नाही, मिळवत्या हाताची गरज, शाळेतली बोली आणि वागण्याच्या रीती परक्या. दार उघडून दिले म्हणजे वाट मोकळी झाली, असे होत नाही.

वारे फिरले

अँगलसी बेटावर १९४९ मध्ये आणि लंडनच्या किडब्रुकमध्ये १९५४ मध्ये सर्वांसाठी एकच अशा पहिल्यावहिल्या शाळा निघाल्या. जुलै १९६५ मध्ये मजूर पक्षाचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी १०/६५ क्रमांकाचे परिपत्रक काढले. स्थानिक संस्थांनी कॉम्प्रिहेन्सिव्हकडे जाण्याच्या योजना सादर कराव्यात, अशी त्यात 'विनंती' होती, सक्ती नव्हती. पुढच्या वर्षीच्या परिपत्रकाने मात्र नव्या माध्यमिक इमारतींचा पैसा त्या योजनांना जोडला, आणि विनंतीला वजन आले.

हा बदल डाव्यांनी लादला असे आज म्हटले जाते. घटना तसे सांगत नाहीत. अनेक हुजूरपक्षीय काउंट्यांनी तो आपणहून केला. चारातली तीन मुले नापास होतात, तेव्हा डॉक्टरांची, दुकानदारांची, वकिलांचीही मुले नापास होतात, आणि ती माणसे मतदार असतात. १९७० ते १९७४ मध्ये शिक्षणमंत्री होत्या मार्गारेट थॅचर, स्वतः ग्रँटमच्या मुलींच्या ग्रामर शाळेत शिकलेल्या. आल्या आल्या त्यांनी १०/६५ मागे घेतले. तरी योजनांचा ओघ थांबेना, आणि त्यांच्याच सहीने सर्वांत जास्त कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा मंजूर झाल्या.

१९७५-७६ मध्ये सरकारने 'डायरेक्ट ग्रँट' शाळांचे अनुदान बंद केले. या शाळा निम्म्या सरकारी, निम्म्या खासगी, आणि पुष्कळ मुलांना बिनफीच्या जागा देणाऱ्या. हेतू होता त्यांनी सर्वांसाठी खुले व्हावे. बहुतेकींनी उलटे केले आणि पूर्ण खासगी झाल्या. मँचेस्टर ग्रामर त्यांतलीच. गरीब घरच्या हुशार मुलांना असलेला एक रस्ता त्या निर्णयाने बंद झाला. कॉम्प्रिहेन्सिव्हच्या बाजूच्या लोकांनी हे नुकसान कबूल करायला हवे.

१९९८ च्या कायद्याने नवी ग्रामर शाळा काढायला बंदी घातली आणि आहेत त्यांचे भवितव्य पालकांच्या मतदानावर सोडले. आजवर मतदान एकाच ठिकाणी झाले, रिपनमध्ये, २००० साली. पालकांनी सुमारे दोनास एक मतांनी शाळा राखली. २०१६ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी बंदी उठवण्याचा प्रस्ताव मांडला, २०१७ च्या निवडणुकीत बहुमत गेले आणि प्रस्तावही गेला. पण आहेत त्या शाळा वाढू शकतात. केंटमधल्या एका ग्रामर शाळेने पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या सेव्हनओक्समध्ये 'शाखा' काढली. ती नवी शाळा नव्हे, जुनीच विस्तारली, असा त्यामागचा युक्तिवाद.

पुरावा काय सांगतो

ग्रामर शाळेतली जवळजवळ सगळी मुले जीसीएसईला इंग्रजी-गणितासह उत्तम उत्तीर्ण होतात. पण निवडून भरलेल्या पेटीतले आंबे गोड निघाले, तर त्याचे श्रेय पेटीला देता येत नाही. सारख्याच गुणांची, सारख्याच घरांतली दोन मुले, एक ग्रामरमध्ये आणि एक कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये, यांची तुलना करावी लागते. एज्युकेशन पॉलिसी इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये ती केली. ग्रामरचा फायदा निघाला आठ विषयांत प्रत्येकी सुमारे एक तृतीयांश श्रेणीचा. ज्या भागांत ग्रामरच्या जागा भरपूर आहेत, तिथे हा फायदा घटत जातो आणि ग्रामरबाहेरची गरीब मुले थोडी मागे पडतात. संपूर्ण भागाची बेरीज केली, तर निवड असो वा नसो, निकाल जवळपास सारखा. डरहॅम विद्यापीठाच्या गोरार्ड आणि सिद्दीकी यांनी २०१८ मध्ये गरिबी किती वर्षांची आहे हेही हिशेबात धरले, तेव्हा ग्रामरचा वेगळा असा फायदा शिल्लकच राहिला नाही.

मग वाद खरा कशाचा? आत कोण जाते याचा. शाळेत मोफत जेवण मिळणे ही तिथे गरिबीची रूढ खूण. सटन ट्रस्ट या शिक्षणातल्या विषमतेवर काम करणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये दाखवले की ग्रामर शाळांत अशी मुले तीन टक्क्यांहूनही कमी होती, आणि त्या-त्या भागांत त्यांचे प्रमाण सुमारे अठरा टक्के होते. ग्रामरमध्ये येणाऱ्यांतली जवळपास तेरा टक्के मुले सरकारी क्षेत्राबाहेरून, मुख्यतः फीच्या प्राथमिक शाळांतून, येत होती. अशा शाळांत शिकणारी दहा वर्षांची मुले देशात सहा टक्क्यांच्या आसपास. आईबापांनी प्राथमिकची फी भरायची आणि माध्यमिक फुकट मिळवायचे, असा हा हिशेब. ज्यांना तेवढे परवडत नाही ते शिकवणी लावतात. तासाला ३५ पौंड धरा, आठवड्याला एक तास, वर्षाचे चाळीस आठवडे: १,४०० पौंड. दीड वर्ष चालली तर दोन हजारांवर. ज्या घरात आई रात्रपाळीला जाते, तिथे पैशाइतकाच मुलाला तिथवर नेण्या-आणण्याचाही प्रश्न असतो.

'शिकवणीने न फुटणारी' परीक्षा काढण्याचे प्रयत्न झाले. बकिंगहॅमशायरने २०१३ मध्ये त्यासाठी परीक्षा घेणारी संस्था बदलली. फरक पडला नाही, आणि नंतर पुन्हा जुन्याच संस्थेकडे गेले. कमी वेळात जास्त प्रश्न, अनोळखी मांडणी, काहीही करा. पुढच्या वर्षी बाजारात त्याची पुस्तके असतात. याहून कामाचा उपाय बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड शाळांनी केला: गरीब घरांतल्या मुलांसाठी जागा राखल्या आणि त्यांच्यासाठी पात्रतेची रेघ थोडी खाली आणली. त्यांचे प्रमाण वाढले. मात्र रेघ खाली आणावी लागली, यातच परीक्षा कुवतीबरोबर घरचे बळही मोजते याची कबुली आहे.

ग्रामर शाळांनी समाजात वर चढण्याची शिडी दिली, हा दावा सर्वांत जुना. शिडी चढलेली माणसे खरी आहेत. पण त्या दशकांत कार्यालये, इस्पितळे, विद्यापीठे, सरकारी खाती यांत नोकऱ्या झपाट्याने वाढत होत्या. वरच्या मजल्यावर नव्या खोल्या बांधल्या जात होत्या, म्हणून खालची माणसे वर गेली. बोलिव्हर आणि स्विफ्ट यांनी २०११ मध्ये त्या काळातल्या दोन्ही पद्धतींतली मुले तुलनेला घेतली, तर वर चढण्याच्या एकूण प्रमाणात फरक दिसला नाही. फिनलंडचा पुरावा आणखी स्पष्ट आहे. तिथे १९७२ ते १९७७ मध्ये, उत्तरेच्या लॅपलंडपासून सुरू करून, अकराव्या वर्षीची विभागणी टप्प्याटप्प्याने काढली. प्रदेशवार तारखा वेगळ्या असल्याने तुलना नेमकी करता आली. बापाची कमाई मुलाच्या कमाईवर किती छाप टाकते त्याचा निर्देशांक ०.३० वरून ०.२३ वर आला.

कॉम्प्रिहेन्सिव्हची दुखरी जागा

परीक्षा गेली की निवड गेली, असे झाले नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की शाळेला काहीतरी क्रम लावावाच लागतो: आधी सरकारच्या देखभालीतली मुले, मग ज्यांचे भावंड त्याच शाळेत आहे ती, मग घरापासूनचे अंतर. अंतर आले की घराची किंमत आली. चांगल्या शाळेभोवतीची घरे महागतात, आणि गुणांची चाळणी जाऊन पत्त्याची चाळणी येते. ब्रायटनने २००८ च्या प्रवेशांपासून काही शाळांसाठी सोडत काढून बघितली. पण शहराचे विभाग आधीच आखलेले होते, सोडत त्या विभागातच निघे, त्यामुळे सरमिसळ फारशी झाली नाही. दुसरा मार्ग 'बँडिंग': सगळ्यांची चाचणी घ्यायची आणि प्रत्येक शाळेने वरच्या, मधल्या, खालच्या गटांतून ठरावीक वाटा घ्यायचा. लंडनमध्ये हे बरीच वर्षे चालले. चाचणी तीच, उपयोग उलटा: वेगळे करण्यासाठी नव्हे, मिसळण्यासाठी. मला हा उपाय सर्वांत प्रामाणिक वाटतो.

सगळे एकत्र म्हणजे सगळ्यांना एकच धडा, असेही नाही. बहुतेक कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळांत गणितासारख्या विषयांना 'सेट', म्हणजे त्या विषयातल्या पातळीनुसार गट, असतात. मूल गणितात वरच्या सेटमध्ये आणि फ्रेंचमध्ये मधल्या सेटमध्ये असू शकते, आणि सहामाहीनंतर सेट बदलू शकतो. त्यातही चुका होतात. खालच्या सेटला अनेकदा कमी अनुभवी शिक्षक मिळतात. फक्त ती चूक त्याच इमारतीत, पुढच्या सत्रात दुरुस्त करता येते.

आपल्याकडची तुलना इथे उपयोगी पडते. जवाहर नवोदय विद्यालये, ज्यांतली पहिली दोन १९८५-८६ मध्ये अमरावती आणि हरियाणातल्या झज्जर इथे निघाली, हीसुद्धा सहावीला परीक्षा घेऊनच मुले घेतात. पण जिल्ह्याला एक विद्यालय आणि वर्षाला साधारण ८० मुले. जिल्ह्यातल्या बाकीच्या शाळांना त्याने काही जाणवत नाही. केंटमध्ये चारातले एक मूल निघून जाते. उरलेल्या शाळेच्या वर्गात हात वर करणारी मुले कमी होतात, वरच्या वर्गांत भौतिकशास्त्राची तुकडी भरत नाही, तुकडी नाही म्हणून त्या विषयाचा शिक्षक टिकत नाही. ती शाळा स्वतःला काहीही म्हणवो, व्यवहारात ती सेकंडरी मॉडर्नच असते. म्हणून 'आमच्या गावात एक ग्रामर काढा' ही मागणी कधीच एका शाळेची नसते. एक काढली की तिच्याभोवतीच्या तीन शाळा बदलतात, आणि त्या तिघींसाठी मागणी करणारा कुणी नसतो.

स्लाव, रेडिंग आणि लंडनच्या सटन भागात नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांना हा वाद पुस्तकी राहत नाही. एकट्या स्लावमध्ये चार ग्रामर शाळा आहेत. तिथे नव्याने पोचलेल्यांची फसगत बहुधा तारखांवर होते. परीक्षेची नोंदणी वेगळी आणि माध्यमिक प्रवेशाचा अर्ज वेगळा. नोंदणी बहुतेक ठिकाणी उन्हाळ्याच्या सुटीआधीच बंद होते, परीक्षा सप्टेंबरात, निकाल ऑक्टोबरात, अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर आणि शाळा कळते १ मार्चला. ऑगस्टमध्ये भारतातून गेलेल्या कुटुंबाची नोंदणी हुकलेली असते. दुसरी चूक म्हणजे पात्र ठरलो की जागा मिळाली असे समजणे. पात्र मुले जागांपेक्षा जास्त असली की पुन्हा भावंडे आणि अंतर, किंवा सटनसारख्या ठिकाणी थेट गुणानुक्रम. म्हणून अर्जात फक्त ग्रामर शाळा भरू नयेत. चांगल्या कॉम्प्रिहेन्सिव्हचे नाव त्यात असलेच पाहिजे, नाहीतर दूरची, कुणी न मागितलेली शाळा वाट्याला येते.

परीक्षा रद्द केली आणि निवड तशीच ठेवली तर काय होते, ते उत्तर आयर्लंडने पाहिले. तिथली सरकारी परीक्षा २००८ मध्ये शेवटची झाली. पण ग्रामर शाळांना मुले निवडण्याची मुभा राहिली, म्हणून त्यांनी स्वतःच परीक्षा काढल्या, त्याही दोन वेगवेगळ्या संस्थांमार्फत. एका गटाच्या शाळांची परीक्षा तीन शनिवार चाले, दुसऱ्याची एका शनिवारी दोन पेपरांत. कुठे जागा मिळेल याची खात्री नसलेले पालक मुलाला दोन्हीकडे बसवत. दहा वर्षांच्या मुलाला काही आठवड्यांत पाच पेपर. २०२३ पासून दोन्ही मिळून एकच परीक्षा झाली आहे: नोव्हेंबरातले दोन शनिवार, दोन पेपर, आणि निकाल जानेवारीच्या अखेरीस घरी येतो.